मनीषाच्या नावापुढचा चार

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या सुरेखाबरोबर इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर बसले की मी विषय बदलते, हसते, दुसऱ्याचंच काहीतरी सांगत सुटते. इथे तसं करायचं नाही असं ठरवलंय. जमतंय का बघू.

आधी माझ्याविषयी थोडं. मी चौकस आहे. म्हणजे हा माझा शब्द, सासरी मला भोचक म्हणतात. मखमलाबादला आमचा शेवंतीचा मळा आहे, आणि फुलं तोडताना शेजारच्या बांधावर कोण कोणाशी काय बोलतंय याकडेच माझं अर्धं लक्ष असतं. पाटीत फुलं कमी का, हे सासूबाईंना बरोबर कळायचं. अशा बाईला आरोग्य सर्वेक्षणाची नोकरी मिळाली म्हणजे काय झालं असेल, विचार करा. कोणाच्याही ओट्यावर जाऊन बसायचं आणि विचारायचं — झोप लागते का, भूक लागते का, तंबाखू खाता का, मनात काही वाईट विचार येतात का. आणि माणसं सांगतात! सख्ख्या बहिणीला सांगणार नाहीत ते सांगतात. नवरा म्हणायचा, तुला पगार दिला नसता तरी तू हे केलं असतंस. केलं असतं.

पंधरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींचं सर्वेक्षण होतं ते. नाशिकहून आमची जीप निघायची, देवळा-कळवणकडच्या गावांमध्ये जायची. प्रत्येक गावाची यादी ऑफिसातूनच छापून यायची, कोणाच्या घरी कोण मुलगा, कोण मुलगी. आम्ही दाराच्या चौकटीवर खडूने नंबर घालायचो, मुलाखत घ्यायचो, वजन करायचो, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचो आणि दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचो. आकडा वेडावाकडा आला की एक पिवळी चिठ्ठी लिहून द्यायची — ही घेऊन सरकारी दवाखान्यात जा. बस, एवढंच. पोरं त्या पट्ट्यावर फार खूष असायची. दंडावर तो फुगायला लागला की हसायची.

आता ते नंबर सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशीच आहे. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक चौकोन होता. मुलाखत झाली तर एक. घरी नसेल तर दोन. दाराला कुलूप असेल तर तीन. नकार दिला तर चार. दोन किंवा तीन लिहिलं की त्या घरी पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी, आणि तरी नाही भेटलं तर आणखी एकदा जायचं. तीन फेऱ्या सक्तीच्या. चार लिहिलं की मात्र काम संपलं. नाही म्हणणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, असा नियम होता, आणि नियम चांगलाच होता.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही आपापसात कधी बोललोही नव्हतो. पण ज्या गावात परत जायचं जिवावर यायचं, त्या गावात चारांची संख्या जरा जास्त असायची.

मी हे सगळं 'आम्ही' करून सांगतेय, बघितलंत? हीच माझी खोड. बाकीच्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी केलं.

ते गाव देवळ्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही. चैत्राचं ऊन, आणि उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात. आता तुम्हीच सांगा, अशा दिवसांत अठरा-वीस वर्षांची पोर सकाळी अकरा वाजता घरी सापडेल का? सगळं गाव वावरात. आम्ही दहाला पोचायचो आणि चारला जीप परत फिरायची. म्हणजे जी मुलं धडधाकट, कॉलेजला सुट्टी टाकून घरी बसलेली, मोबाइलवर खेळणारी, ती आम्हाला भेटायची. जी राबत होती ती भेटायची नाहीत. हे तेव्हाही मला दिसत होतं. मला सगळं दिसतं हो, हाच तर त्रास आहे.

तिला मी मनीषा म्हणते. नाव खरं नाही, बाकी सगळं खरं आहे. तिच्या घराच्या चौकटीवर नंबर मीच घातला होता. ओट्यावर तिची आई लसूण सोलत बसली होती. मी विचारलं तर बाई म्हणाली, "पोर वावरमा गयी शे, ताई. सांजले येई." संध्याकाळी येईल. मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तिने कुठे नाही म्हटलं होतं? उलट, संध्याकाळी थांबा, तिला यायचं आहे, असंच ती सांगत होती.

त्या गावातला तो आमचा शेवटचा दिवस होता. दोन लिहिलं असतं तर कोणालातरी परत यावं लागलं असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेच्या साखरपुड्याची खरेदी होती — नाही, कारणं द्यायची नाहीत असं ठरलंय. पारावर बसून मी यादी पुरी केली. त्या गावात माझ्या पानांवर सात चार पडले. त्यातल्या दोघांनी खरंच नकार दिला होता. उरलेले पाच वावरात होते. मनीषाच्या चौकोनात मी चार घातला, पुढे बारीक अक्षरात 'नकार कोणी दिला' असं विचारलं होतं, तिथे 'स्वतः' असं लिहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.

इथवर फारसं काही नाही, असं तुम्ही म्हणाल. कागदावरची चूक. असली चूक कोणत्या ऑफिसात होत नाही? मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत होते. पण गोष्ट इथे संपत नाही.

जीप सुरू झाली होती. सुरेखा आणि बाकीच्या आत बसल्या होत्या, मी पिशवी चढवत होते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेने एक मुलगी धावत आली. डोक्याला ओढणी बांधलेली, पात कापायचा विळा हातात तसाच, कपड्यांना कांद्याचा वास. तिला बोलताही येत नव्हतं इतका दम लागला होता. आईने कोणाकडून तरी निरोप धाडला होता म्हणे, आणि ही अर्धी ओळ तशीच सोडून निघाली होती.

"ताई, माझं नाव हाय ना यादीत?" ती म्हणाली. "तो दंडाला पट्टा बांधून बघत्यात, तेवढं माझं बघा ना. डोकं लय दुखतं."

मी तिच्याकडे बघितलं. मी नीट बघितलं, हे लिहायलाच हवं. तिच्या डोळ्यांखाली सूज होती. तोंड सुजल्यासारखं, आणि पायांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उठला होता. मला वाटलं कांद्याने डोळे सुजले असतील, उन्हाने पाय. वाटलं म्हणजे — मी तसं वाटून घेतलं. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे लांबून ओळखणारी बाई मी, मला ती सूज काय आहे असा प्रश्न पडला नसेल का? पडला होता. आणि पट्टा माझ्या पिशवीतच होता, सगळ्यात वर.

मग मी का नाही बांधला? जीप थांबली असती. पाच मिनिटं लागली असती. पण तिचं बीपी घ्यायचं म्हणजे तिच्या चौकोनात एक लिहायचं, आणि एक लिहायचं म्हणजे आधीचा चार खोडायचा. पेनने लिहिलेला. नकार दिलेली मुलगी तासाभरात तयार कशी झाली, असं ऑफिसात विचारलं असतं. मग माझ्या पानांवरचे बाकीचे 'चार'ही तपासले असते. पाच घरी फोन लावले असते. मला तेवढीच भीती वाटली. तिच्या डोकेदुखीपेक्षा माझ्या पानावरची खाडाखोड मला मोठी वाटली.

मी म्हटलं, "तुझं पान बंद झालंय गं आता. उशीर झाला."

तिने मान हलवली, 'बरं' म्हणाली आणि परत वावराकडे निघाली. जीप वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. ती चालत गेली, धावत नाही.

नंतर नऊ वर्षं गेली. नणंदेला दोन मुलं झाली, मळ्याच्या निम्म्या जागेत प्लॉट पडले, मी फिरतीवरून खुर्चीवर आले. आता यादी मी तपासते, इतरांच्या चौकोनांवर माझी सही असते. कोणाच्या पानावर चार जास्त दिसले की मी फोन करून खात्री करते, आणि नव्या मुली मला फार कडक समजतात. त्यांना काय ठाऊक मी का कडक आहे.

मनीषा मला अधूनमधून आठवायची. पश्चात्ताप वगैरे म्हणत नाही, एवढी मी चांगली नाही. मला कुतूहल होतं. काय आला असता तिचा आकडा? वेडावाकडा आला असता की नेहमीसारखा? जो आकडा कोणी घेतलाच नाही, तो कुठे शोधायचा? भाजी निवडताना, बसमध्ये, मध्येच माझ्या मनात यायचं — एकशे वीस असेल. नाहीतर एकशे साठ. असा मी एकटीच खेळ खेळायचे.

मग ऑफिसात त्या जुन्या यादीचं काम परत निघालं. तेव्हाची मुलं आता कशी आहेत, ते बघायचं. जी भेटली होती त्यांना फोन केले, आणि जी भेटली नव्हती त्यांचीही चौकशी केली, घरी, गावोगावच्या आशाताईंकडे, दवाखान्यांत. बरेच महिने चाललं. शेवटी एक दिवस आमच्या सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की तेव्हा आपल्या सर्वेक्षणात जी आली नाहीत, त्यांची तब्येत पुढे जास्त बिघडलेली दिसतेय. आजारी जास्त, दवाखान्यात भरती झालेली जास्त. दोघं-तिघं तर राहिलीच नाहीत.

खोलीत एकदम चर्चा सुरू झाली. का असं होत असेल? कोणी म्हणालं, बेफिकीर असतात ही पोरं, तब्येतीचं काही पडलेलं नसतं. कोणी म्हणालं, व्यसनं लपवायची असतात. सुरेखा म्हणाली, आधीच आजारी असतील, कळायची भीती वाटत असेल. सगळ्यांचं थोडं थोडं खरं असेलही. मलाही खरंच जाणून घ्यायचं होतं, मी वहीत लिहूनही घेत होते. आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. यातले किती चार खरे आहेत? माझे तर मला माहीत होते. ज्या मुलांना बेफिकीर म्हणत होतो, त्यातली पाच माझ्या ओळखीची होती, आणि ती कांदे काढत होती.

तेव्हा बोलायचं होतं. सर समोर होते, माणसं सगळी आपलीच होती. फार तर काय झालं असतं? मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

सरांनी ठरवलं, की नकार देणाऱ्यांना परत भेटायचं आणि शांतपणे विचारायचं, तेव्हा नाही का म्हणालात. पानं वाटली गेली. मनीषाचं पान समोर आलं. पत्ता नाशिकचा होता, मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलचा. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. ते पान मी मागून घेतलं. भीती वाटायला हवी होती, नाही का? मला वाटलं, आता कळेल.

जाताना शहाळं घेऊन गेले. दारातच सिस्टरने अडवलं, डायलिसिसच्या पेशंटला शहाळं द्यायचं नसतं, म्हणाली. हे मला तिथे कळलं. शहाळं तसंच पिशवीत ठेवून मी आत गेले.

तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? त्या दिवशी माझ्या अंगात सनकोट, तोंडाला स्टोल, डोळ्यांवर काळा गॉगल. ती आता अठ्ठावीसची, पण मनगटं अगदी बारीक. एका हाताला नळ्या लावलेल्या, बाजूला मशीन हळूहळू फिरत होतं. आई पायथ्याशी बसली होती, तीच बाई. नऊ वर्षांपूर्वी ओट्यावर पाच मिनिटं टेकलेली मी तिलाही आठवले नाही. मी सर्वेक्षणाच्या ऑफिसातून आलेय म्हटल्यावर दोघींनाही बरं वाटलं. कोणीतरी विचारायला आलं म्हणून.

आणि मी प्रश्न विचारला. मागच्या वेळी नकार का दिला?

मनीषा गोंधळली. नकार? मग तिने सगळं सांगितलं. कांदा काढणी, आईचा निरोप, पळत येणं, जीप. त्या ताई चांगल्या होत्या, म्हणाली, पण मलाच उशीर झाला, पान बंद झालं होतं. पुढच्या वर्षी तिला चक्कर येऊन पडल्यावर दवाखान्यात नेलं, तेव्हा बीपी फार वाढलेलं निघालं, आणि किडन्या तोवर बऱ्याच खराब झालेल्या. आई मध्येच बोलली. इतक्या वर्षांत ती लेकीला हेच ऐकवत आली होती, हे त्या बोलण्यावरून कळत होतं — निरोप मिळाल्याबरोबर विळा टाकून निघाली असतीस तर? ओळ संपवत बसलीस. मनीषा म्हणाली, "मी कुठं बसले? अर्धी ओळ टाकून आले." आणि मग माझ्याकडे बघून, जरा ओशाळून हसली. तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं बहुतेक. आपणच उशीर केला, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

मी पानावर काय लिहिलं ते ऐका. 'नकाराचे कारण' या ओळीपुढे मी लिहिलं, 'आठवत नाही'. तिच्या समोर बसून लिहिलं.

निघताना तिथल्या डॉक्टरांना मी गाठलंच, स्वभाव जातो कुठे. विचारलं, वर्षभर आधी एखाद्या मुलीचं बीपी कोणी बघितलं असतं तर काही फरक पडला असता का? ते म्हणाले, कधी कधी पडतो, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर बरीच वर्षं निभतं, कधी नाही. अशा एकीबद्दल नक्की सांगता येत नाही. म्हणजे तो आकडा मला कधीच कळणार नाही. तिलाही नाही.

त्यानंतर मी जातच राहिले. ऑफिसचं काम तर पहिल्याच दिवशी संपलं होतं. शुक्रवारी सुटले की तिकडून चक्कर टाकते, तास-अर्धा तास बसते. आईला जरा बाहेर जाऊन चहा घेता येतो. मनीषा बोलकी आहे. घरी शिकवण्या घेते, मोजून पाणी प्यावं लागतं म्हणून फुलपात्रावर तिने नेलपॉलिशने खूण केलीय, ती मला दाखवते. तिलाही सगळ्याची चौकशी लागते, माझ्यासारखीच. एकदा मळ्यातली शेवंती नेली तर कोणतं खत घालता म्हणून विचारलं. मला 'ताई' म्हणते. मी तिची मैत्रीण झाले आहे, आणि हे सगळ्यात वाईट आहे.

गेल्या शुक्रवारी आई चहाला गेली होती. मनीषा वर पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही ऑफिसातल्या, तुम्हाला माहीत असंल. त्या ताईंनी तेव्हा माझ्या नावापुढं काय लिहिलं असंल?"

सहज विचारलं होतं. तिला नुसतं कुतूहल होतं.

मी म्हटलं, "घरी नाही, असं लिहिलं असेल."

तिने माझ्याकडे मान वळवली. मग हळूच म्हणाली, "पण मी तर आले होते."

आली होती. विळा हातात घेऊन, धापा टाकत, सुजलेल्या डोळ्यांनी माझ्यासमोर उभी होती आणि डोकं दुखतंय म्हणून सांगत होती. पट्टा माझ्या पिशवीत होता. तिच्या नावापुढे मी चार लिहिला होता, आणि ती समोर उभी असताना तो तसाच राहू दिला. गेल्या शुक्रवारी, तिने विचारल्यावर, पुन्हा तसाच राहू दिला.